पायाळूचा पाय

बनुबाई आईच्या पोटातून पायांकडून बाहेर आली, आणि त्या एका गोष्टीवरून तिचं पुढचं आयुष्य ठरून गेलं. पायांकडून जन्मलेलं माणूस पायाळू. त्याच्या पायात गुण असतो, असं सगळेच मानत. कुणाच्या कमरेत उसण भरली, माणूस वाकला तो सरळच होईना, की त्यानं पहाटे अनशापोटी पायाळूच्या उंबऱ्यावर पालथं पडायचं. पायाळूनं तोंडातून शब्द न काढता डाव्या पायानं त्याच्या कमरेवर लाथ मारायची. त्यानं उठायचं आणि मागं न बघता चालू लागायचं. लाथेआधी पायाळू बोललं, तर गुण गेला.

सोनईपासून कोसभरावरच्या वस्तीवर बनुबाई सून म्हणून आली, तेव्हा तिच्या रंगाची, उंचीची चर्चा झाली नाही. पोरगी पायाळू आहे, एवढंच सासूनं, छबूबाईनं, चार ठिकाणी सांगितलं. ज्या घरात सुनेनं सासऱ्यापुढून जाताना पावलाचा आवाज करायचा नाही, त्याच घराच्या उंबऱ्यावर थोराड बाप्ये पहाटे तिच्या पायाखाली पालथे पडत. बनुबाईला हे आतल्या आत आवडायचं. पण त्या आवडण्याच्या तळाशी एक भीती होती, नव्या नवरीपासूनची. काटा काढला तर तळहातावर दिसतो. गळू फोडलं तर पू दिसतो. मग उसण काढली, तर ती जाते कुठं?

हे तिनं एकदा नवऱ्याला, सूर्यभानला, विचारलंही होतं. तो विडी ओढत म्हणाला, "जाती आपली वाऱ्यावर. तुला काय करायचंय तिचं? जेवायला बोलवतीस का?"

बनुबाई हसली. पण तिला पटलं नाही. वाऱ्यावर गेलेलं कुठंतरी उतरतंच.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. विहिरी खरवडून झाल्या, जनावरं दावणीची सुटली, आणि वस्तीतली धडधाकट माणसं सरकारी कामावर गेली. सूर्यभान पाझर तलावाच्या कामावर दूर गेला. तो आठवड्याच्या बाजाराला तेवढा घरी येई. बनुबाई आणि वस्तीवरच्या इतर बाया सडकेच्या कडेला खडीच्या केंद्रावर बसू लागल्या. दिवसभर उकिडवं बसायचं, पुढं वाकून हातोडीनं दगड फोडायचा, घमेलं भरायचं आणि कमरेतून हिसका मारून डोक्यावर घ्यायचं. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळे, रात्री घरी रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी. त्या वर्षी माणसांच्या पोटांबरोबर पाठीही खपाटीला गेल्या. बनुबाईच्या उंबऱ्यावर आधी महिन्या-पंधरवड्याला कुणी यायचं. आता उजाडलं की कुणीतरी पालथं पडलेलं असे.

आणि ती लाथ मारत राहिली.

एके दिवशी घमेलं उचलताना तिच्या स्वतःच्या कमरेत काहीतरी सटकलं. आवाज झाला नाही. पण कुल्ल्यापासून टाचेपर्यंत कुणी तापलेली तार ओढावी तशी एक कळ डाव्या पायातून खाली उतरली. ती तिथंच बसली. लंकाबाई शेजारी खडी फोडत होती. ती म्हणाली, "काय गं, बसलीस का? मुकादम यायचाय."

"चक्कर आली," बनुबाई म्हणाली.

त्या दिवसापासून तार काही निघाली नाही. पुढं पुढं पिंढरीत मुंग्या येऊ लागल्या. एका दुपारी लंकाबाई ओरडली, "अगं रगत! पाय बघ की तुझा!" डाव्या अंगठ्यावर दगडाची कपची बसून चीर पडली होती आणि धूळ लाल झाली होती. बनुबाईनं अंगठ्याकडं पाहिलं. तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. तिनं तो चिमटीत धरून दाबला. काहीच नाही.

त्या क्षणी तिला कळलं, उसणी कुठं जातात ते. त्या वाऱ्यावर गेल्याच नव्हत्या. ज्या पायानं तिनं त्या काढल्या, त्याच पायातून वर शिरून त्या तिच्या कमरेत एकावर एक रचून बसल्या होत्या.

कुणाला सांगणार? सासू शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि तिचं सगळं बनुबाईनंच केलं होतं. पाठीला पडलेल्या जखमा तिनं धुतल्या होत्या. छबूबाई छताकडं बघत म्हणायची, "बने, माझं पाय हायेत का गं? बघून सांग." बनुबाई गोधडी उचलून बघायची आणि सांगायची, "हायेत." आता रात्री झोपताना तिच्या मनात तोच प्रश्न यायचा, आणि उत्तर देणारं कुणी नव्हतं. सूर्यभान बाजाराच्या दिवशी आला, तेव्हा तिचं लंगडणं बघून म्हणाला, "काय झालं?"

"काटा मोडलाय."

"मग काढ की. लोकांच्या उसणी काढतीस."

अशात राधाकृष्णाची पाठ गेली. राधाकृष्ण म्हणजे तिचा धाकटा दीर. दांडगा गडी, शाळेत असताना कबड्डीत गाजलेला. छबूबाई गेल्यावर भावांनी घर वाटून घेऊन मधे मातीची भिंत घातली होती. एका अंगाला सूर्यभान-बनुबाई, दुसऱ्या अंगाला राधाकृष्ण आणि त्याची बायको पुष्पावती. भिंत घातली तरी मनं फाटली नव्हती. रॉकेल महाग, म्हणून भिंतीत एक आरपार कोनाडा ठेवला होता. त्यात एकच चिमणी लावली की दोन्ही घरांत उजेड पडायचा. एक दिवस या जावेनं तेल घालायचं, एक दिवस त्या जावेनं.

राधाकृष्ण ट्रकमध्ये दगड भरताना जागच्या जागी मोडून पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन गडी त्याला काखेत धरून घेऊन आले आणि वहिनीच्या उंबऱ्यावर पालथा घातला. पुष्पावती मागं पदरात हात गुंडाळून उभी होती.

बनुबाई दारात आली. तिचा डावा पाय मांडीपासून खाली बधिर होता. तिला ओरडून सांगायचं होतं, भाऊजी, उठा, माझ्या पायात जीव नाही. पण पायाळूनं लाथेआधी बोलायचं नसतं. त्या एका नियमानं तिचं तोंड शिवून टाकलं होतं. तिनं मान हलवली. पुष्पावतीला वाटलं, ती देवाचं नाव घेतेय.

तिनं उजव्या पायावर भार घेतला, दाराची चौकट धरली, डावा पाय उचलला आणि खाली टाकला.

पायाखाली काहीच नव्हतं. माणसाची पाठ नाही, सदऱ्याचं कापड नाही, ऊबसुद्धा नाही. जणू तिनं विहिरीत पाय टाकला. आणि त्या विहिरीच्या तळातून राधाकृष्ण किंचाळला.

किती जोरानं लाथ बसली, ते तिला कधीच कळलं नाही. राधाकृष्ण उठला नाही. त्याला घोंगडीवर घालून, खडीच्या रिकाम्या ट्रकमध्ये खाली कडबा पसरून नगरला नेलं. जाताना पुष्पावती मागं वळून म्हणाली, "आजवर लोकांच्या पाठी सरळ केल्या जाऊबाई, अन् घरातलीच बरी मोडलीत!"

नगरच्या डॉक्टरनं हाड मोडलं नसल्याचं सांगितलं. मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबली गेली होती, ती आधीपासूनच. पण अशा पाठीवर लाथ मारणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असंही तो म्हणाला. थोडे दिवस फळीवर पडून राहायचं, ठणका ओसरला की जाणत्या माणसाकडून हळूहळू व्यायाम शिकायचा. पुष्पावतीनं यातलं लाथेचं तेवढं घरी आणलं. आल्या आल्या तिनं कोनाड्यावर आपल्या बाजूनं गोणपाट ठोकलं. त्या संध्याकाळपासून दोन चिमण्या जळू लागल्या.

बनुबाईच्या उंबऱ्यावर कुणी येईना. तिला वाईट वाटलं नाही. सुटका वाटली, आणि त्या सुटकेचीच भीती वाटली. लंकाबाई केंद्रावर सगळ्यांदेखत म्हणाली, "बनुबाई, माझ्यापासून जरा लांब बस गं. चुकून पाय लागायचा."

बाया हसल्या. बनुबाईही हसली, आणि लुगड्याखाली तिनं आपली मांडी चाचपून पाहिली.

मग एके पहाटे भिंतीपलीकडून सायकल टेकवल्याचा आवाज आला. सोनईच्या शाळेत कवायत शिकवणारे रंगनाथ मास्तर आले होते. राधाकृष्ण त्यांचा जुना विद्यार्थी. मास्तर वाळक्या शेंगेसारखे, पण ताठ. तरुणपणी झाडावरून पडून त्यांची पाठ गेली होती आणि आसनं करून त्यांनी ती परत मिळवली होती. तेव्हापासून दिसेल त्याला ते आसनं सांगत. पोरं त्यांना मागून 'लोळण मास्तर' म्हणत. पहिल्या दिवशी बनुबाई लवकर केंद्रावर गेली होती, त्यामुळं मास्तर काय समजावून गेले ते तिला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती अंधारात भिंतीला चिकटून उभी राहिली. गोणपाट जुनं होतं, विरलेलं. पलीकडं चिमणी जळत होती. सगळं दिसत होतं.

"पालथा हो. कपाळ जमिनीला," मास्तर म्हणत होते. "राध्या, शाळेत तुला सांगितलेलं एक ऐकलं नाहीस, आता तरी ऐक. आधी नुसतं कोपरांवर ये. तिथं थांब. श्वास कोंडू नको."

"मास्तर, दुखतंय."

"कुठं?"

"कमरंत."

"कमरेतलं मला चालतं. आजचं एवढंच. आता पाठीवर वळ, गुडघे दुमडून पड. आणि खाली वाकून काही उचलशील तर मी परत यायचा नाही. उचलायचं झालं तर उकिडवं बसून, पोटाशी धरून. हमाल पोत्याला मिठी मारतो की नाही? तसं."

काही दिवसांनी राधाकृष्ण कोपरं सोडून तळव्यांवर जोर देत छाती उचलू लागला. बेंबी जमिनीला, मान वर. मास्तर म्हणाले, "आता कुठं याला भुजंगासन म्हणायचं. नाग फणा काढतो तसं. गडबड नाही. नागाला कसली घाई असते?"

भिंतीअलीकडं बनुबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तिचा धाकटा भाऊ गहिनीनाथ लहानपणी नाग चावून गेला होता. तिच्या डोळ्यांदेखत. कडब्याची पेंढी उचलताना पावलाला डसला. मांत्रिकानं गुडघ्याखाली दोरी आवळली, मग गुडघ्यावर, मग मांडीला. जिथं दोरी बांधावी त्याच्या वर विष पोचलेलं असे. मांत्रिक कडुनिंबाचा पाला त्याच्या तोंडात घालून विचारी, "कडू लागतंय का?" विष भिनलेल्या माणसाला निंब कडू लागत नाही, हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मधेच गहिनी म्हणाला, "आक्का, पायाचं दुखायचं थांबलं." ती आनंदानं टाळी वाजवणार, तेवढ्यात मांत्रिकानं तोंड फिरवलं. विष मागचं सोडून पुढं जातं. थोड्या वेळानं गहिनी पाला चावत म्हणाला, "गोड लागतंय." तो अजून जिवंत होता, डोळे उघडे होते, आणि अंगणातल्या बायांनी गळे काढले.

अशा नागाचं आसन ही बाई कशाला करेल? पण त्याच आठवड्यात तिनं राधाकृष्णाला परसात गोठ्यापर्यंत चालत जाताना पाहिलं. भिंत न धरता. तिच्या लाथेनं आडवा झालेला माणूस नागासारखा लोळून उभा राहिला होता. आणि इकडं तिला आता उजव्या पायावर सगळा भार टाकल्याशिवाय चूल गाठता येत नव्हती.

तिनं दाराला आतून कडी घातली. ज्वारीच्या रिकाम्या कणगीमागं, जिथं कुणी डोकावणार नाही अशा जागी, ती पालथी पडली. कपाळाला सारवलेली गार भुई लागली. भिंतीपलीकडून मास्तरांचा आवाज येत होता, "सावकाश," आणि दोन घरांतली दोन माणसं एकाच शब्दावर कोपरांवर उठत होती. पलीकडच्याला अलीकडचीची कल्पना नव्हती.

ती रोज हे करू लागली. केंद्रावर उकिडवं बसणं टळत नव्हतं, पण ती मधूनमधून उठून उभी राहू लागली, हात मागं कमरेवर ठेवून आभाळाकडं बघू लागली. लंकाबाई म्हणाली, "पाऊस शोधतीस का गं? सरकारलाबी सापडंना अजून."

आणि मग दुखणं हललं.

आधी टाचेतली कळ गेली. बनुबाईला दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पिंढरी मोकळी झाली आणि मांडीतला ठणका वाढला. ती खडी फोडता फोडता थांबली. हातोडी हातात तशीच राहिली. खालून सुटतंय आणि वर चढतंय. पायाचं दुखायचं थांबलं, आक्का.

त्या रात्री तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि डाव्या मांडीला गच्च आवळून बांधला.

आसनं बंद करावीत, तर पाय जाणार, सासूची खाट तिच्यासाठी रिकामीच होती. चालू ठेवावीत, तर हे वर चढत चढत काळजाला भिडणार, आणि मग गहिनीचं अंगण. दोन्हीकडून तिला कुणीतरी हाक मारत होतं. तिनं मधला रस्ता काढला. आसन करायचं, पण पट्टी सोडायची नाही. आणि रोज पहाटे आसन झालं की दारातल्या निंबाची काडी ओढून चार पानं चावायची. दुष्काळात हिरवं असं तेवढं एकच झाड उरलं होतं. पान जिभेवर कडूजहर लागलं की ती थुंकायची आणि म्हणायची, आजचा दिवस हाय.

दुखणं पट्टी ओलांडून कुल्ल्यात आलं. तिनं पट्टी आणखी वर बांधली. मग कुल्ल्यातूनही निघालं आणि सगळंच्या सगळं कमरेत, मणक्याच्या जवळ, एका मुठीएवढ्या जागेत येऊन बसलं. तिथं ते धगधगत होतं. पाय आता दुखत नव्हता मुळीच. अंगठा तसाच बधिर. तिला वाटलं, आता इथून वर बांधायला जागा नाही. कमरेवर पट्टी आवळून विष थांबतं असं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

चैत्र लागला होता. त्या पहाटे उजाडायच्या आधी ती निंबाखाली गेली. हाताला लागली ती काडी ओढली, पानं तोंडात घातली आणि चावली.

कडू लागली नाहीत.

ती पुन्हा चावली. मऊ, पाणचट, किंचित तुरट. तोंड भीतीनं कोरडं पडलं होतं, त्यात तो पाला जिभेवर गवतासारखा फिरत राहिला. तिला अंगणातल्या बाया दिसल्या. अजून कुणी रडत नव्हतं, कारण अजून तिनं सांगितलं नव्हतं.

भिंतीपलीकडं सायकल टेकली. चिमणी लागली. मास्तर म्हणाले, "चल राध्या, पालथा हो."

बनुबाई घरात धावली. खरंच धावली, आणि आपण धावतोय हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं कोनाड्यात हात घालून गोणपाटाला हिसका दिला. खिळे सुटले. चिमणीच्या ज्योतीमागून, विस्कटलेल्या केसांचं, ओठांना हिरवा पाला लागलेलं तिचं तोंड पलीकडच्या खोलीत उगवलं.

फणा काढलेल्या राधाकृष्णानं समोर पाहिलं आणि तो ओरडला, "आये!"

"मास्तर!" बनुबाई म्हणाली. "मला इख चढलंय. तुमच्या नागाचं."

मास्तर दचकून उभे राहिले. पुष्पावती चुलीपाशी होती, ती फुंकणी हातात घेऊन आली. "काय झालं? काय खाल्लंया यांनी?"

बनुबाईनं सगळं सांगितलं. सांगितलं कसलं, तोंडातून सांडलं. कमरेत सटकलं ते, अंगठ्याचं रक्त, गोणपाटातून बघणं, कणगीमागचं लोळणं, टाच सुटली, पिंढरी सुटली, वर वर चढत आलं ते. "आता कमरंला हाय मास्तर. हितून काळीज किती लांब असतंय?"

रंगनाथ मास्तरांनी तिला सगळं बोलून घेऊ दिलं. मग कोनाड्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, आधी टाचेपर्यंत दुखत होतं?"

"व्हय."

"आता टाचेत नाही, पिंढरीत नाही, मांडीत नाही. नुसतं कमरेत?"

"व्हय की. लई दुखतंय कमरंत."

"राध्या," मास्तर वळले, "पहिल्या दिवशी मी तुला काय सांगितलं होतं? सांग तुझ्या वहिनीला."

राधाकृष्ण अजून छातीवर हात ठेवून बसला होता. तो म्हणाला, "दुखनं पायात खाली उतरलं तर थांबायचं, मास्तरांना सांगायचं. वर कमरंकडं सरकलं तर शीर सुटायला लागली. भ्यायचं न्हाई, चालू ठेवायचं."

"ऐकलंत?" मास्तर म्हणाले. "हे विष नाही. चढतंय ते चांगलं लक्षण आहे. तुम्ही सुटताय बाई."

"मग निंब का ग्वाड लागला?" बनुबाई किंचाळली. हा प्रश्न तिच्या जिवाच्या शेवटच्या टोकाला बांधलेला होता.

पुष्पावतीनं कोनाड्यातून हात घालून जावेच्या ओठावरचा पाला बोटावर घेतला, चिमणीजवळ नेला आणि बघून म्हणाली, "अवं, ही तर तांबडी पालवी हाय! चैताची कवळी. अंधारात काय बी तोडता व्हय? थांबा."

ती बाहेर गेली, अंधारात फांदी ओढल्याचा आवाज झाला, आणि ती बनुबाईच्या दारातून आत आली. भांडणानंतर पहिल्यांदा. हातात जुन्या, काळपट हिरव्या पानांची डहाळी होती. तिनं ती पानं मुठीनं ओरबाडून बनुबाईच्या तोंडात कोंबली. "चावा! चावा म्हनते ना!"

बनुबाईनं चावलं. क्षणभर काही झालं नाही. मग जिभेच्या मुळापासून कडवटपणा असा उसळला की तिचे डोळे भरले आणि ती ओसरीत जाऊन भडाभडा थुंकू लागली.

"लागला का कडू?" पुष्पावतीनं विचारलं.

बनुबाईनं मान डोलावली. थुंकता थुंकता ती रडत होती. पुष्पावती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. हात खाली आला तसा मांडीवरच्या गाठीला लागला. "हे काय बांधलंय, जाऊबाई?"

पट्टी सोडली तेव्हा मांडीवर निळा खोल वळ उठलेला होता. मास्तर भिंतीपलीकडून म्हणाले, "आणि पाय आवळून बांधायचा असेल, तर पुन्हा माझं नाव घेऊ नका. रक्त अडवून कुणी पाय वाचवतं का? अंगठा मेलेला वाटतो ना? तो सगळ्यात शेवटी येतो. दोन्ही पायांतला जीव गेला, लघवी अडली, तर मात्र माझी वाट न बघता नगर गाठायचं. बाकी घाबरायचं नाही."

बनुबाई कोनाड्यापाशी परत आली. चिमणीची ज्योत मधे होती, तिच्या पलीकडं राधाकृष्णाचं तोंड. तिनं खाली बघत म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशी मला बोलायचं हुतं. पर आधी बोलायचं नसतं. पाय माझा न्हवताच तवा. मला कळलंच न्हाई किती जोरात बसला."

राधाकृष्णानं आपल्या कमरेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हंजी मी लाथ खाल्ली ती नेमकी कुनाची?"

पुष्पावती आधी हसली. मग मास्तर. बनुबाई हसली नाही. ती अंगठ्याकडं बघत होती.

अंगठा परत यायला पाऊस यावा लागला. म्हणजे पावसाचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण दोन्ही एकाच हंगामात आले. खडीचं केंद्र बंद होईपर्यंत दुपारच्या सुट्टीत बाया सावलीला पालथ्या पडून कोपरांवर उठू लागल्या होत्या. मुकादम म्हणायचा, मगरी सुकायला पडल्यात. त्यांत सगळ्यात पुढं लंकाबाई असायची. ती आता बनुबाईच्या अगदी शेजारी पडायची आणि म्हणायची, "लागला पाय तर लागू दे."

पहिल्या पेरणीनंतर घोडेगावकडचा एक म्हातारा बैलगाडीतून आला आणि पहाटे उंबऱ्यावर पालथा पडला. त्याला मधलं काहीच माहीत नव्हतं. बनुबाई दारात उभी राहिली. तिनं दाराची चौकट धरली. तिनं डावा पाय उचलला आणि त्याच्या कमरेवर नुसता टेकवला, झोपलेल्या लेकरावर पांघरूण टाकावं तसा. पायाखाली सदऱ्याचं जाडं कापड लागलं. कापडाखालची ऊब लागली. म्हाताऱ्याचा श्वास खाली-वर होत होता, तोही लागला. ती पाय काढेना.

"झालं का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "पर उठायचं न्हाई, बाबा. तसंच पडा. आता मी सांगते तसं करायचं. कमरंतलं पायात उतरतंय का, ते सांगायचं."

तिचा पाय आता पहिल्यापेक्षा जास्त गुणाचा झाला, असं पंचक्रोशीत बोललं जाऊ लागलं. आधी लाथ देऊन हाकलायची, आता जवळ बसून लोळवते म्हणे. तिनं कुणाला खोडून काढलं नाही. पाय टेकवल्याशिवाय लोक पालथे पडत नाहीत, हे तिला माहीत होतं.

तिची कमर पुन्हा तशी गेली नाही. ती म्हातारी झाली, केस पिकले, राधाकृष्ण आणि पुष्पावतीच्या सुना आल्या. त्या भिंतीतल्या कोनाड्यात पुढं विजेचा दिवा आला. भीती मात्र गेली नाही. ती कमरेतून निघाली होती, एवढंच. रोज पहाटे जाग आली की डोळे उघडायच्या आधी ती गोधडीखाली उजव्या पायाच्या बोटांनी डावा अंगठा शोधायची. सापडला की पालथी व्हायची, कोपरांवर यायची, सावकाश मान वर करायची. मग दारात जाऊन निंबाचं पान तोडायची, उजेडात धरून ते जून आहे की कोवळं हे नीट बघायची, आणि जून पान दाताखाली धरून उभी राहायची.

कडू लागलं, की ती चूल पेटवायला आत वळायची.